गुलमर्गच्या बर्फाचा अंदाज स्वतः कसा बांधावा

पहिल्यांदा गुलमर्गला गेले तेव्हा फोनवर रोज एकच गोष्ट बघायचे: बर्फ किती सेंटीमीटर? चौदा दिवसांचा स्कीचा कोर्स होता. पाचव्या दिवसासाठी एका अ‍ॅपने चाळीस सेंटीमीटर दाखवले. रात्री खोलीतल्या सगळ्या मुलींना सांगून ठेवलं की उद्या पहाटे उठायचं. पहाटे उठलो तर बाहेर पाऊस. त्याच वेळी वर अफरवट शिखरावर बर्फ कोसळत होता, पण वाऱ्यामुळे गोंडोलाचा, म्हणजे वर नेणाऱ्या केबलकारचा, वरचा टप्पा बंद होता. आकडा अगदीच खोटा नव्हता. मी चुकीचा प्रश्न विचारत होते.

त्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. प्रत्येक वादळाआधी माझा अंदाज त्यात लिहायचा आणि नंतर काय झालं तेही लिहायचं. त्या वहीतून जी पद्धत हळूहळू ठरत गेली ती इथे मांडते. मी हवामानशास्त्र शिकलेली नाही, तुम्हालाही शिकायची गरज नाही. बेरीज-वजाबाकी आली आणि थोडा धीर असला की पुरे. एकच सवय मोडावी लागेल: सेंटीमीटर आधी विचारायचे नाहीत. आधी उंची, मग वारा, मग शून्य अंशाची रेषा, आणि सगळ्यात शेवटी सेंटीमीटर.

काय काय लागेल

- पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. विमानातून उतरल्यावर हे कळलं तर पुढचं सगळं अडतं.
- विंडी किंवा मीटिओब्लूसारखं अ‍ॅप, ज्यात वेगवेगळी मॉडेल (हवामानाचा अंदाज बांधणारी संगणकी गणितं) आणि वेगवेगळ्या उंचीवरचा वारा बघता येतो.
- भारतीय हवामान विभागाचं संकेतस्थळ. श्रीनगर केंद्राचं बुलेटिन, इन्सॅटची उपग्रहचित्रं आणि रडारची चित्रं तिथे मिळतात.
- वही, पेन्सिल (थंडीत बॉलपेन चालेलच असं नाही), फूटपट्टी.
- हातभर रुंदीची पांढरी रंगवलेली प्लायवूडची फळी आणि सरळ कडांचा स्टीलचा डबा. यांचं काम शेवटी सांगते.

१. आधी डोंगराच्या उंच्या पाठ करा

श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, गुलमर्गच्या वाटेवरचं तंगमर्ग २,१५०, गुलमर्गचं मैदान २,६५०. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला संपतो, तिथे सुमारे ३,१००. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर सोडतो, सुमारे ३,९५०. म्हणजे गोंडोलाच्या तळापासून वरच्या स्टेशनापर्यंत १,३०० मीटर. सिंहगड पायथ्यापासून दोनदा चढलात तरी एवढी उंची जेमतेम भरते. एवढ्या अंतरात खाली पाऊस, मध्ये चिकट बर्फ आणि वर पिठासारखा कोरडा बर्फ, हे तिन्ही एकाच वेळी पडू शकतं. म्हणून ‘गुलमर्गला बर्फ पडेल का’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, तीन असतात.

नवख्यांचा पहिला सापळा इथेच आहे. जीएफएस हे अमेरिकी मॉडेल अ‍ॅपवर दिसतं तेव्हा त्याचा एक चौकोन साधारण २५ किलोमीटरचा असतो. युरोपीय केंद्राच्या मॉडेलचा साधारण ९ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात अफरवटचं शिखर, गुलमर्गचं मैदान आणि खालचं खोरं यांची सरासरी होऊन जाते, डोंगर लाटण्याने लाटल्यासारखा पसरट होतो. मग अ‍ॅप ‘गुलमर्ग’ या नावाखाली भलत्याच उंचीचं तापमान दाखवतं. बरीच अ‍ॅप अंदाजाशेजारी उंची लिहितात. ती आधी वाचा. २,१०० मीटर लिहिलं असेल तर तो अंदाज तंगमर्गचा समजा.

डोंगराची दिशाही लक्षात घ्या. अफरवट पीर पंजाल रांगेत आहे. ओला वारा नैऋत्येकडून येतो, पूंछच्या बाजूने चढतो, आणि गुलमर्ग या कण्याच्या ईशान्येला, अगदी लगतच बसलं आहे. मी मूळची वाईची, त्यामुळे हे समजायला मला वेळ लागला नाही. पावसाळ्यात महाबळेश्वर धुऊन निघतं, पाचगणीला त्याहून कमी आणि घाट उतरून वाईला आलं की पाऊस एकदम उतरतो. गुलमर्ग हे या हिशेबात महाबळेश्वर आहे आणि श्रीनगर वाई. कण्यावर चढलेले ढग अलीकडे सांडतात ते गुलमर्गवर. श्रीनगरात काही पडत नाही म्हणून गुलमर्गही कोरडं आहे असं धरू नका.

२. दहा दिवस आधी: फक्त वहीत खूण करा

काश्मीरचा हिवाळी बर्फ आणतो तो पश्चिमी झंझावात. हिंदी बातम्यांत याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत तो वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतो. डिसेंबर ते मार्च हा त्याचा मुख्य काळ. वाटेत भूमध्य आणि कॅस्पियनची वाफ घेतो, आणि जोरदार असला तर अरबी समुद्राचीही ओढून आणतो.

दहा दिवस आधी मॉडेलवर झंझावात दिसला तर वहीत तारखेपुढे बारीक फुली मारा, बाकी काही नाही. कुणाला सांगू नका, तिकीट बदलू नका. त्या अंतरावर वादळ येणार की नाही एवढाच अंधूक सुगावा असतो. युरोपीय केंद्र एकाच वेळी सुरुवातीच्या स्थितीत बारीक बदल करून पन्नासहून जास्त अंदाज चालवतं. त्यांतले बहुतेक एकाच दिवशी बर्फ दाखवत असतील तर फुली जाड करा. चार-पाचच दाखवत असतील तर विसरून जा.

महिना बघून बर्फ गृहीत धरू नका, हेही इथेच सांगते. चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, हा बर्फाचा हक्काचा काळ मानतात. तरी जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गचे उतार तपकिरी होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, पण बर्फाअभावी पुढे ढकलून त्या मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

३. पाच दिवस आधी: वरचा वारा बघा

आता अ‍ॅपमध्ये उंचीची पट्टी शोधा. ती हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या एककात असते (वर जावं तसा दाब कमी): ८५०, ७००, ५००. यांतली दोनच लागतात. ५०० म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंची, तिथे झंझावाताचा आकार दिसतो. ७०० म्हणजे साधारण तीन किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कोंगडोरी! हवामानाच्या नकाशातला एक ठराविक थर नेमका आपल्या डोंगराच्या मध्यावर यावा, याचा मला अजूनही आनंद होतो. ८५० चा थर गुलमर्गच्या खूप खाली, श्रीनगरच्याही किंचित खाली येतो. परदेशी लेखांत ८५० चे नियम वाचून इथे लावले तर हमखास फसाल.

५०० वर वाऱ्याच्या रेषा दक्षिणेकडे झोळीसारख्या लोंबलेल्या दिसतात का बघा. ही कमी दाबाची द्रोणी. ती काश्मीरच्या पश्चिमेला, अफगाणिस्तानवर असेपर्यंत आपल्याकडे वारा नैऋत्येचा राहतो, हवा वर चढते आणि बर्फ पडतो. द्रोणी पूर्वेला सरकली की वारा वायव्येचा होतो, आकाश फाटतं, बर्फ थांबतो. म्हणून बर्फ कधी थांबेल हे शोधायचं तर ढग नका बघू, वारा कधी वळतो ते बघा. माझ्या वहीत सर्वांत कमी चुका याच बाबतीत आहेत.

झोळी किती खोल आहे, हे पुढचं. उथळ द्रोणी उत्तरेकडून निसटून जाते आणि उंचावर चिमूटभर बर्फ टाकते. खोल द्रोणी पंजाब-राजस्थानपर्यंत लोंबते. तिच्यासोबत खाली राजस्थान-पंजाबवर चक्राकार वारे तयार झाले, तर अरबी समुद्राची वाफ थेट वर ओढली जाते. हवामान विभागाच्या बुलेटिनमध्ये झंझावातासोबत ‘प्रेरित चक्राकार स्थिती’चा उल्लेख आला की मी सावध होते. मोठ्या बर्फाची ही चांगली खूण आहे. अशाच खोल द्रोण्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेकडून येणाऱ्या ओलाव्याला भिडल्या की आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होते. २०१४ ची गारपीट ज्यांनी शेतात उभं राहून पाहिली त्यांना या झंझावाताची ओळख नव्याने करून द्यायला नको.

४. तीन दिवस आधी: शून्य अंशाची रेषा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, त्यामुळे सावकाश वाचा.

आकाशात एक उंची अशी असते जिच्यावर तापमान शून्याखाली. अ‍ॅपमध्ये तिला गोठणपातळी किंवा ‘फ्रीझिंग लेव्हल’ म्हणतात. बर्फ या रेषेवर तयार होतो, पण रेषा ओलांडताच वितळत नाही. आणखी दोनशे-तीनशे मीटर खाली उतरेपर्यंत टिकतो. म्हणजे शून्याची रेषा २,९०० मीटरवर असेल तर बर्फ साधारण २,६०० ते २,७०० पर्यंत पोचेल. गुलमर्गचं मैदान २,६५० वर. पाऊस की बर्फ, हे इथे शंभर मीटरांवर ठरतं, आणि मॉडेलची चूक सहज तेवढी असते. अशा वेळी वहीत ‘खाली सांगता येत नाही, कोंगडोरीच्या वर नक्की बर्फ’ असं लिहायला लाजू नका.

मी ७०० हेक्टोपास्कलच्या तापमानावरून हिशेब करते, कारण तो बोटांवर होतो. उंची एक किलोमीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं. समजा ७०० वर उणे ४ आहे. गुलमर्ग तिथून साडेतीनशे मीटर खाली, म्हणजे साधारण दोन अंश जास्त: उणे २. बर्फ पडेल, थोडा जड. अफरवटचा खांदा साडेनऊशे मीटर वर, म्हणजे सहा अंश कमी: उणे १०. तिथे कोरडा, भुरभुरीत. तंगमर्ग साडेआठशे मीटर खाली: अधिक दीड. तिथे पाऊस-बर्फाची मिसळ, रस्ता चिखलाचा. ७०० वर उणे १ असेल तर गुलमर्गला ओला बर्फ किंवा पाऊस. अधिक २ असेल तर मैदानात पाऊसच धरा. श्रीनगरला मात्र हे गणित लावू नका. खोऱ्यात थंड हवा तळ्यासारखी साचून राहते.

दोन बारकावे. पहिला: पडायला सुरुवात होताना हवा कोरडी असेल तर थेंब वाटेतच वाफ होतात आणि हवा थंडावते. मातीच्या माठात पाणी गार होतं तसंच. त्यामुळे पहिला तासभर पाऊस पडून नंतर बर्फ सुरू होणं गुलमर्गला नवीन नाही. पाऊस दिसला म्हणून लगेच निराश होऊ नका, हवेतली आर्द्रता आधी किती होती ते बघा. दुसरा: वादळाच्या सुरुवातीला नैऋत्येचा वारा ऊबदार असतो आणि शेवटी वायव्येचा थंड. शून्याची रेषा वादळ चालू असतानाच खाली उतरते. ओला बर्फ खाली आणि कोरडा त्याच्यावर, असा थर बसतो. स्कीसाठी तो उत्तम. याच्या उलटा क्रम, म्हणजे भुरभुरीत बर्फावर जड बर्फ, स्कीला वाईट आणि उतारावर धोकादायक.

५. आता सेंटीमीटर

मॉडेल मुळात पाणी मोजतं, मिलिमीटरमध्ये. बरीच अ‍ॅप त्याला दहाने गुणून बर्फ दाखवतात: १० मिलिमीटर पाणी, १० सेंटीमीटर बर्फ. पण हा दहाचा गुणक थंडीप्रमाणे बदलतो. शून्याच्या आसपास ओल्या बर्फाला सात-आठ. उणे १० च्या आसपास बारा-पंधरा. ढगातलं तापमान उणे १२ ते उणे १८ असलं की चांदणीसारखे फाटे फुटलेले मोठे स्फटिक होतात, आणि बर्फ आणखी हलका होतो.

समजा २४ तासांत २४ मिलिमीटर पाणी आहे आणि तापमान वरच्या उदाहरणातलं. मैदानात आठ-नऊने गुणा: साधारण २० सेंटीमीटर. वर बारा-पंधराने: ३० ते ३५. वहीत एकच आकडा कधीच लिहू नका, ‘२० ते ३५’ असं लिहा.

इथला सापळा बुद्धीचा नाही, मनाचा आहे. चार मॉडेल उघडायची आणि सर्वांत मोठा आकडा दाखवेल त्यावर विश्वास ठेवायचा, हे प्रत्येक जण करतो. मीही दोन हंगाम केलं. उपाय सोपा आहे: कोणतं मॉडेल बघायचं ते हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि वेळही ठरवा. मॉडेलच्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. ०० ची फेरी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, तिचे निकाल दुपारपर्यंत येतात. मी दुपारी जेवणानंतर एकदा बघते. दर तासाला बघितल्याने अंदाज सुधारत नाही.

६. शेवटचे छत्तीस तास: मॉडेल मिटा, आकाश बघा

हवामान विभागाचं बुलेटिन वाचा. त्यातल्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. ‘आयसोलेटेड’ म्हणजे भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘स्कॅटर्ड’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘फेअरली वाइडस्प्रेड’ पाऊणपर्यंत, ‘वाइडस्प्रेड’ त्याहून जास्त. इशाऱ्यांचे रंग पिवळा, नारिंगी, लाल असे चढत जातात. नारिंगी आला की जम्मू-श्रीनगर महामार्ग आणि विमानं यांच्या बातम्याही बघायला लागा.

मग इन्सॅटचं अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र. अफगाणिस्तानवर पांढरेशुभ्र, घट्ट ढग दिसले तर साधारण दिवसभराचं अंतर उरलं आहे. जवळ आले की श्रीनगर आणि बनिहाल टॉपची रडारचित्रं. पण डोंगराआड रडारची नजर अडते. चित्र कोरं दिसलं तरी वर बर्फ पडत असू शकतो.

जमिनीवरची खूण सर्वांत जुनी. श्रीनगरचं रात्रीचं तापमान उणे ५ ला गेलं की पुण्या-मुंबईचे लोक खूश होतात, आता बर्फ येणार म्हणून. खरं तर ती निरभ्र आकाशाची खूण. ढगांचं पांघरूण नसलं की रात्री उष्णता निघून जाते. पश्चिमी झंझावात जवळ आला की ढग येतात आणि रात्रीचं किमान तापमान वाढतं. सलग दोन रात्री पारा चढला, वर कण्यावर बर्फाचा धुरळा ईशान्येकडे उडताना दिसला, की मी बूट दाराशी काढून ठेवते.

७. गोंडोला चालेल का

बर्फ पडणं आणि तिथवर पोचणं वेगळं. वरचा टप्पा वाऱ्यामुळे आणि हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद राहतो. खूप पडला की सकाळी गस्तपथक उतार सुरक्षित करेपर्यंत थांबावं लागतं. वाऱ्यासाठी ७०० सोबत ६०० हेक्टोपास्कलचाही थर बघा, अफरवटचा खांदा या दोघांच्या मध्ये येतो. वादळाच्या दिवशी मी कोंगडोरीच्या खालच्या झाडीतला बेत ठेवते. तिथे वारा कमी आणि दिसतंही बरं. वर जायचा बेत वारा वळल्यानंतरच्या दिवसाचा.

तंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्याला बर्फात चाकांना साखळ्या किंवा चारही चाकांना जोर देणारी (फोर-बाय-फोर) गाडी लागते. वादळाच्या आदल्या संध्याकाळी वर पोचा.

८. बर्फाचा अंदाज म्हणजे उतारावर जायची परवानगी नव्हे

ज्या नैऋत्येच्या वाऱ्याने बर्फ येतो, तोच वारा कण्यावरचा बर्फ उचलून ईशान्येच्या उतारांवर रचतो. आपण स्की करतो ते उतार नेमके हेच. म्हणजे तुमचा अंदाज जितका चांगला, तितका धोका मोठा. बर्फाच्या लाद्या सुटतात त्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, आणि स्कीअरला आवडतात तेही तेच.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर गेला. दोन्ही वेळा मोठा बर्फ आधीच्या दिवसांत पडला होता. ऊन पडलं, आकाश निळं झालं, की भीती जाते. उतार मात्र अजून तयार नसतो.

म्हणून जम्मू-काश्मीरच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा हिमस्खलन इशारा रोज वाचा. तो जिल्ह्यानुसार आणि उंचीनुसार असतो, गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. गस्तपथकाने दोर लावलेल्या हद्दीबाहेर स्थानिक वाटाड्याशिवाय, शोधयंत्र (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावड्याशिवाय जाऊ नका. आणि ही तीन साधनं वापरायचा सराव नसेल तर ती पाठीवर असूनही जाऊ नका. माझ्या वहीत अंदाज बरोबर आल्याचे असे कितीतरी दिवस आहेत ज्या दिवशी मी खोलीत बसून राहिले.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी

फळी उघड्यावर, पण वाऱ्याच्या आड, भिंतीपासून दूर ठेवा. सकाळी साडेआठला फूटपट्टीने तिच्यावरचा बर्फ मोजा. साडेआठच, कारण हवामान विभागाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो आणि तुमची नोंद त्यांच्याशी ताडून बघता येते. मग फळी पुसून परत ठेवा.

स्टीलचा डबा उलटा दाबून बर्फाचा उभा तुकडा काढा, त्याची उंची लिहा, खोलीत बुखारीजवळ (शेगडीजवळ) वितळू द्या, पाण्याची उंची मोजा. १२ सेंटीमीटर बर्फाचं १ सेंटीमीटर पाणी झालं तर गुणक बारा. पुढच्या वादळाला दहाच्या जागी हा धरा.

नोंद अशी ठेवा: अंदाज कधी लिहिला, ७०० चं तापमान किती दिसत होतं, वारा कधी वळेल असं वाटलं, मैदानात आणि वर किती धरलं. खाली दुसऱ्या रंगात: सुरू कधी झाला, थांबला कधी, फळीवर किती, गोंडोला चालला का. चुकलात तर ‘मॉडेल चुकलं’ असं लिहू नका, काय चुकलं ते लिहा. उंची, वारा, ओलावा की गुणक. माझ्या पहिल्या हंगामातल्या बहुतेक चुकांपुढे एकच शब्द आहे, उंची. अलीकडच्या पानांवर तो कमी झालाय आणि ‘ओलावा’ वाढलाय.